रविवारी चाक फिरत नाही

“आरशात बघू नकोस, हार्लन. आरसा माणसाला घाबरवतो. आईच्या हाताकडे बघ आणि सावकाश मागे ये.”

गेरिट बुअर्स्मा मागच्या पानगळीत गेले, पण हा आवाज काही गेला नव्हता. शेवटच्या आजारात, सुपाच्या दोन चमच्यांच्या मध्ये, त्यांनी मुलाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक ही, आरशाची. दुसरी अशी, की रविवारी आपल्या ट्रेलरचं चाक फिरता कामा नये. घर, जमीन, बँक यांबद्दल ते काही बोलले नाहीत. तेवढं वकील सांगतो, असं त्यांचं मत होतं.

हार्लनने दोन्हींना मान हलवली होती. मरणाऱ्या बापापुढे मान हलवायला काही लागत नाही. पुढे ती मान ताठ ठेवून जगायचं, तेव्हा काय ते कळतं.

ट्रेलर म्हणजे पिकअपला मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. पांढुरकं, कमरेला तपकिरी पट्टा, आत शेगडी, पलंग आणि रात्री ज्याचा बिछाना होतो असं एक टेबल. दर ऑगस्टात बुअर्स्मा कुटुंब ते घेऊन उत्तर मिशिगनातल्या लून हॉलो नावाच्या तळ्याकाठच्या तळावर जात असे. बाकीचे लोक शुक्रवारी येतात नि रविवारी दुपारी गाशा गुंडाळतात. बुअर्स्मा सोमवारी निघत. त्यांच्या पणजोबांनी हॉलंडहून येताना ट्युलिपचे कंद, काळे कपडे आणि रविवार एवढंच सामान आणलं होतं, आणि त्यातलं काहीच अजून विटलं नव्हतं. रविवारी चर्च, खरेदी नाही, शिवण नाही, प्रवास नाही. नेम मोडायला सबब शोधावी लागते. पाळायला काही शोधावं लागत नाही, एवढी नेमाची सोय आहे.

तळावर पोचल्यावर ट्रेलर आपल्या जागेत उलटा घालायचा असतो. हे काम गेरिट एका दमात करत. त्यांची बायको विल्मा मागे कोपऱ्यात उभी राहून हात वर धरी, ते खिडकीतून मान बाहेर काढून त्या हाताकडे बघत, आणि ट्रेलर म्यानात तलवार जावी तसा जाई. आजूबाजूचे लोक खुर्च्या घेऊन बघायला येत. तळावर नवा माणूस गाडी मागे घेताना पाहणं, ही संध्याकाळची मुख्य करमणूक. खुणा करणाऱ्या बायकोचा आवाज चढू लागला की खुर्च्या आणखी पुढे सरकतात.

हार्लन फर्निचरच्या कारखान्यात मापं काढत असे. कागदावर तो कुठलाही कोपरा केसाच्या अंतराने वळवू शकला असता. पण ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि उलटं हा शब्द कानावर पडला की हार्लनच्या हातांना सुलटंच सुचत असे. वसंतात त्याने चर्चच्या आवारात सराव करून पाहिला होता. तेव्हापासून तिथला दिव्याचा खांब शेजारच्या बाप्टिस्ट पंथाच्या चर्चकडे किंचित झुकलेला आहे.

हे सगळं त्याने कसंबसं सोसलं असतं. पण त्याच सुमारास गेरिटचा पुतण्या ड्वाइट याने ट्रेलर मागितला. ड्वाइटला मोटारींच्या शर्यतींना जायची हौस होती आणि शर्यती रविवारी असतात. विल्माने दोन दिवस विचार केला आणि जेवणानंतरचा बायबलचा अध्याय वाचून झाल्यावर सांगितलं, “या ऑगस्टला मी येते तुमच्याबरोबर. तुझे वडील नेत तसं तुला नेता आलं, तर ठेवू. नाही आलं, तर देऊन टाकू. उगाच अंगणात कुजवण्यात अर्थ नाही.”

ती हळू बोलत असे, पण तिचं बोलणं सिमेंटसारखं होतं. थोडा वेळ मऊ असे तेवढंच.

तेव्हा हार्लनने फोन करून आरपार जागा मागितली. या जागेत एका बाजूने शिरायचं नि दुसऱ्या बाजूने निघायचं, मागे घेण्याची भानगडच नाही. यात लबाडी नाही, असं तो स्वतःला समजावत असे. वडिलांनी मागे कसं यायचं ते सांगितलं होतं. मागे यायलाच हवं, असं कुठे म्हटलं होतं?

तर असे ते शुक्रवारी लून हॉलोला पोचले. हार्लन, त्याची बायको लोइस, पंधरा वर्षांची केंड्रा, आणि पुढच्या सीटवर मांडीवर पर्स धरून बसलेली विल्मा. फाटकापाशीच एक हाडांचा सांगाडा फाशी गेलेला होता.

“हे काय?” विल्माने विचारलं.

“सजावट आहे, आई,” हार्लन म्हणाला.

ती हॅलोविनची सजावट होती. हॅलोविन म्हणजे भुताखेतांचा सण, मुलं सोंगं घेऊन दारोदार गोड मागत हिंडतात. तो येतो ऑक्टोबरच्या अखेरीला. पण तोवर पाणी गोठायच्या भीतीने तळाचे नळ बंद झालेले असतात, म्हणून तळावरची माणसं भुतं ऑगस्टातच उरकून घेतात. गेरिट नेहमी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत. हार्लनला आरपार जागा मिळाली ती नंतरच्या आठवड्यातली. का, ते हार्लनला आत्ता कळलं. बुअर्स्मांच्या चर्चला हॅलोविन मान्य नाही. लग्न झाल्यापासून विल्माने त्या रात्री मुलांना बोलावणारा ओसरीवरचा दिवा एकदाही लावला नव्हता.

आरपार जागेत ट्रेलर सुरळीत शिरला. विल्माने सांगाड्यांच्या बाजूचे पडदे ओढून घेतले. शेजारी रॉस्को टिबेट्स नावाचा एक निवृत्त प्लंबर बसइतक्या लांब गाडीत सबंध उन्हाळा मुक्कामाला होता. त्याने आपल्या शेकोटीभोवती सांगाड्यांचं एक कुटुंबच खुर्च्यांवर बसवलं होतं. दिवेलागणीला हार्लन पाणी आणायला निघाला, तेव्हा नव्या शेजाऱ्यांशी ओळख असावी म्हणून त्याने त्यांना हात हलवून ‘छान संध्याकाळ आहे’ असं म्हटलं. उत्तर आलं नाही, तेव्हा माणसं जरा शिष्ट दिसतात, असं त्याने लोइसला सांगितलं. लोइसने त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला.

शनिवारी दुपारी ट्रीव्हा आली. तळाचं सगळं तिच्या हातात होतं. ती गोल्फकार्ट नावाच्या छोट्या उघड्या गाडीतून हिंडे आणि सगळ्यांना ‘राजा’ म्हणे. तिने सांगितलं की राजा, तुमची जागा उद्या दुपारी बारापर्यंतच आहे.

हार्लन म्हणाला की आपण सोमवारपर्यंत सांगितलं होतं. ट्रीव्हा म्हणाली, सोमवारपर्यंत राहा की, कोण नको म्हणतंय, पण या जागेत नाही. ही जागा उद्यापासून इंडियानाच्या एका मोठ्या गाडीला दिलेली आहे, आणि ती गाडी दुसरीकडे कुठे मावत नाही. तुम्हाला अठ्ठावन्न नंबर देते. कचरापेट्यांच्या शेजारी आहे, पण सावली छान. उद्या बारा वाजता इथून काढायची नि तिथे उलटी घालायची, बस.

“उद्या रविवार आहे,” हार्लन म्हणाला.

“शनिवारनंतर तोच येतो, राजा,” ट्रीव्हा म्हणाली.

हार्लनने तिला अडचण सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली, कारण तिच्या नोकरीत अशी अडचण आजवर आली नव्हती. मग तिने वॉकीटॉकीवर कचेरीला विचारलं. चाक न फिरवता गाडी हलवायची असली तर काय नियम आहे? कचेरीने विचारलं, कुणाला ऊन लागलंय का.

बातमी तळभर झाली. सल्ला फुकट मिळतो, म्हणूनच त्याला तोटा नसतो. रॉस्को खुर्ची घेऊनच आला. त्याचं म्हणणं, मी माझ्या गाडीने ओढतो, म्हणजे चाक तुमचं, पण फिरवणारा मी. पाप माझ्या खात्यावर, तिथे एवीतेवी गर्दीच आहे. दुसऱ्या एकाने धक्क्यावर बोटी उचलायचं यंत्र सुचवलं. त्यात चाकं अधांतरी राहिली असती. तिसऱ्याने विचारलं, रविवार कुठल्या गावाच्या घड्याळाने धरायचा? लोइसला वाटलं, रविवारी मंडपात प्रार्थना घेणाऱ्या निवृत्त पाद्र्यांनाच विचारावं. ते येऊन फार गोड बोलले. नेम माणसासाठी असतो, माणूस नेमासाठी नव्हे, असं म्हणाले. विल्माने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या गुडघ्यावरच्या फुलाफुलांच्या चड्डीकडे पाहिलं, आणि मत विचारात घेतलं नाही.

शनिवारीच घरी निघावं हा सल्ला कुणी दिला नाही, कारण तो हार्लनच्या मनात आधीच येऊन गेला होता. पण आज निघणं म्हणजे ट्रेलर सरळ ड्वाइटच्या दारात नेऊन उभा करण्यासारखं होतं. ‘तुझे वडील नेत तसं’ याचा अर्थ सोमवार असा होता.

शेवटी एकच वाट उरली. अठ्ठावन्न नंबर आजच रिकामा होता. तेव्हा आजच उजेड आहे तोवर हलवायचं. ट्रीव्हा म्हणाली, चालेल, पण संध्याकाळची सोंगांची मिरवणूक सुरू व्हायच्या आत रस्ता मोकळा करा. हार्लन म्हणाला, हा गेलो न हा आलो. असं म्हटल्यावर आजवर कुणाचं काम झटपट झालेलं नाही.

आधी नळाची नळी सुटेना. मग सांडपाण्याची सुटली, ती रॉस्कोच्या सल्ल्याने, आणि रॉस्कोच्याच बुटावर. मग ट्रेलरखालचा एक टेकू गंजून बसला होता, त्याला ठोकून ठोकून हार्लनच्या नाकी नऊ आले. दरम्यान आत दोन्ही बायकांची रविवारची तयारी चालली होती. शनिवारी संध्याकाळी उद्याचे बटाटे सोलून पाण्यात ठेवायचे आणि उद्याचे कपडे अंगावर घालून बघायचे, म्हणजे बटण सैल निघालं तर रविवारी सुई हातात धरायला नको. म्हणून टेकू सुटला आणि हार्लनने “बसा, बसा, निघायचंय” अशी हाक मारली, तेव्हा विल्मा आपल्या नखशिखांत काळ्या पोशाखात, काळी टोपी घालून, स्तोत्रांचं पुस्तक हातात धरून बाहेर आली. तिच्या मागे लोइस सोललेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन आली. पातेलं ट्रेलरमध्ये ठेवावं तर पाणी सांडणार, म्हणून ते तिने मांडीवर घेतलं. केंड्रा मागच्या सीटवर आडवी झाली आणि अंगावर टॉवेल ओढून म्हणाली, की कुणी विचारलं तर मी या कुटुंबातली नाही.

तळावरचा रस्ता तळ्याभोवती एका दिशेने जाणारा. हार्लन वळून रस्त्यावर आला आणि त्याच्या पुढ्यात चाच्यांचं जहाज आलं. ती गोल्फकार्टच होती, वर शीड लावलेलं. आरशात पाहिलं तर मागे एक शवपेटी, तिच्या मागे एक आठ पायांचा कोळी, आणि त्यामागे नजर पोचेपर्यंत भुतं. मिरवणूक वेळेवर सुरू झाली होती. तळावर वेळेवर सुरू होणारी तेवढी एकच गोष्ट असावी.

“ही काय गर्दी?” विल्माने विचारलं.

“सगळेच हलताहेत वाटतं,” हार्लन म्हणाला. हे बोलल्याबद्दल त्याने नंतर मनातल्या मनात क्षमा मागितली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खुर्च्या टाकून बसली होती. जुनाट ट्रेलर, पुढे दगडी चेहऱ्याची काळ्या कपड्यांतली म्हातारी, मागे पातेलं धरलेली बाई आणि टॉवेलखाली प्रेत. लोक आधी माना उंचावून बघू लागले, मग टाळ्या सुरू झाल्या. ट्रीव्हाने कर्णा तोंडाला लावून जाहीर केलं, “आणि आता येतेय काळी विधवा, तिच्या झपाटलेल्या घरासह.”

हार्लनचे कान तापले. उतरून त्या कर्ण्याचं काहीतरी करावं, असं त्याला वाटलं. पण पाय ब्रेकवर होता आणि मागे शवपेटी.

“हार्लन,” विल्मा शांतपणे म्हणाली, “तुझे वडील गेले, ते हिला कुणी सांगितलं?”

लोइस मागून म्हणाली, “मीच बोलले असेन, आई.” पातेल्यातलं पाणी थोडं हिंदकळलं.

एवढ्यात पोरं धावत आली आणि खिडकीखाली पिशव्या उघडून उभी राहिली. राक्षस होते, मांजरं होती, एक चालतं मक्याचं कणीसही होतं.

“काय हवंय यांना?”

“गोड, आजी,” टॉवेल म्हणाला.

विल्माने मुलांकडे पाहिलं. मुलांनी तिच्याकडे पाहिलं. तिने काच खाली केली आणि पर्स उघडली. बुअर्स्मांच्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पेपरमिंटची गोळी चघळायची रीत आहे. प्रवचन लांब असतं आणि गोळी हळूहळू विरते, दोन्हींचा मेळ बसतो. विल्माच्या पर्समध्ये सगळ्या चर्चला पुरेल एवढी पिशवी कायम असे. ती एकेकाच्या हातावर एकेक गोळी ठेवू लागली. राक्षसाला ‘नाक पूस’ म्हणाली, त्याने पुसलं. मक्याच्या कणसाला ‘चावायची नाही, चघळायची’ असं सांगितलं. हार्लन रांगत्या वेगाने गाडी चालवत होता. हे सगळं काय चाललंय हे तिला आता कळलं आहे की नाही, हेच त्याला कळेना. आणि विचारायची छाती नव्हती.

पिशवी रिकामी झाली, आणि तेव्हाच बुटाची नाडी लोळवत एक अगदी लहान मुलगी पोचली. अंगावर काळ्या कपड्यावर रंगवलेली हाडं.

“संपलं?” तिने विचारलं. रडली नाही. संपण्याची सवय असावी.

“उद्या आणून देते,” विल्मा म्हणाली. “कुठे उतरलीस तू?”

“झोक्यामागे. निळा तंबू.”

“सकाळी येते. प्रार्थनेच्या आधी.”

मुलीने एकवार तिच्या टोपीकडे पाहून मान डोलवली आणि नाडी ओढत गेली.

मग अठ्ठावन्न नंबर आला. डावीकडे कचरापेट्या, उजवीकडे झाड, मधे जागा. हार्लन थांबला म्हणून सगळी मिरवणूक थांबली. खुर्च्या उचलून लोक आले, भुतं उतरून आली. त्याला उलटं घालायचं आहे हे कळताच प्रत्येक जण खुणा करू लागला. डाव्या बाजूला ड्रॅक्युलाचा झगा घातलेला रॉस्को, उजव्या बाजूला दोन चाचे.

“डावीकडे घे, गड्या.”

“माझ्या डावीकडे की तुझ्या?”

“ट्रेलरच्या.”

हार्लनने स्टिअरिंग फिरवलं. ट्रेलर आपल्या मनाने झाडाकडे निघाला. पुढे येऊन पुन्हा फिरवलं, तो पिकअपशी काटकोनात उभा राहिला, भांडून वेगळ्या झालेल्या भावासारखा. तिसऱ्या खेपेला त्याने तो कचरापेटीला हलकेच टेकवला. पेटीचं झाकण उघडून पुन्हा मिटलं. लोक हसले, प्रेमानेच हसले, आणि ते जास्त लागलं. चाचा म्हणाला, बाजूला हो, मी घालून देतो. हार्लनचा हात दाराच्या कडीवर गेला. घालू दे चाच्याला. नेऊ दे ड्वाइटला. आपण मापं काढणारा माणूस.

तेवढ्यात शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. विल्मा उतरली. स्तोत्रांचं पुस्तक तिने सीटवर ठेवलं, रॉस्कोला झग्याला धरून बाजूला सारलं, आणि जागेच्या मागच्या कोपऱ्यात, गेरिटच्या वेळी उभी राहायची तशी, उभी राहिली. बाहीतून पांढरा रुमाल काढला नि हात वर केला.

लोकांनी खुर्च्या आणखी पुढे सरकवल्या. त्यांना वाटलं, हा सोंगाचाच भाग.

हार्लनने बाहेरचा आरसा हाताने दुमडून टाकला. खिडकीतून मान काढली. स्टिअरिंग कुठे फिरवायचं, याचा विचार त्याने सोडला. रुमाल थोडा इकडे झाला, तो इकडे झाला. रुमाल थांबला, तो थांबला. रुमाल पुन्हा हलला. तिचा हात जरा कापत होता, पण कापणं कुठलं आणि खूण कुठली, ते लहानपणी वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं. मग रुमाल मुठीत मिटला. हार्लनने ब्रेक दाबला. ट्रेलर जागेत होता, नीट मधोमध.

जो गलका झाला, तो तळ्यापलीकडे ऐकू गेला असेल. रॉस्कोने डोळे पुसले, त्याच्या तोंडावरचा रंग ओघळला. ट्रीव्हाने तिथल्या तिथे सोंगांच्या स्पर्धेचा निकाल जाहीर केला आणि विल्माच्या हातात ‘सर्वांत भयंकर’ असं लिहिलेला, हॅलोविनची खूण असलेला प्लॅस्टिकचा भोपळा ठेवला. आतून पोकळ, खालून सपाट. विल्माने तो उलटसुलट करून पाहिला. कशाबद्दल, ते विचारलं नाही.

जेवणानंतर तिने रोजच्यासारखा अध्याय वाचला. भोपळा टेबलावरच होता. अध्याय संपल्यावर ती म्हणाली, “झाकण असतं तर गोळ्या ठेवायला बरं झालं असतं.” एवढंच. ड्वाइटचा विषय तिने काढला नाही, आणि हार्लनला काढवला नाही. तो त्या टेबलाच्याच बिछान्यावर कूस बदलत पडून राहिला.

रविवारी सकाळी तळ गाढ झोपला होता. इंडियानाची गाडी यायला अवकाश होता. हार्लन कॉफीचा पेला घेऊन पायरीवर बसला, तेव्हा विल्मा काळ्या पोशाखात बाहेर आली. तिने पर्समधून हातरुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली. आत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, आजच्या प्रवचनासाठी वेगळ्या बांधलेल्या, म्हणून कालच्या दंगलीतून वाचलेल्या.

“दुकान उघडलं असेल, आई. मी घेऊन येतो दुसऱ्या,” हार्लन उठत म्हणाला.

“रविवारी?”

हार्लन खाली बसला.

“मग प्रवचनाला काय करशील?”

“ऐकेन.” तिने गाठ पुन्हा बांधली. एक पायरी उतरली, मग थांबली. “पुढच्या ऑगस्टात मोठी पिशवी आणू. ही पोरं पुष्कळ आहेत.”

हार्लनने पेला पायरीवर ठेवला.

“आणि ड्वाइट?”

“त्याला उद्या सांगू. आज व्यवहाराचं बोलायचं नसतं.”

झोक्यामागचा निळा तंबू तिथून समोरच दिसत होता, पण मधे दुसऱ्यांच्या जागा होत्या, आणि दुसऱ्याच्या जागेतून आडवं जाऊ नये हा तळाचा नियम. म्हणून ती रस्त्याने निघाली, तळ्याला वळसा घालून, पर्स दोन्ही हातांनी धरून. रॉस्कोच्या विझलेल्या शेकोटीपाशी सांगाड्यांचं कुटुंब अजून खुर्च्यांवर बसलं होतं. तिथे तिने किंचित मान लववली, आणि पुढे चालू लागली.